छोट्या ट्रॅक्टरच्या पाठीमागे तेलाची वाट

मागची हायड्रोलिक जोडणी म्हणजे ट्रॅक्टरच्या पंपातले दाबाखालचे तेल पाठीमागच्या अवजारापर्यंत नेणारी आणि काम झाल्यावर ते परत टाकीत आणणारी व्यवस्था. बाहेरून दिसणारे तिचे भाग मोजकेच: हाताशी एक-दोन दांडे असलेला व्हॉल्व्ह, काही होज पाइप आणि मागे टोकाला कपलरच्या जोड्या. दुकानात या व्हॉल्व्हला सरसकट डीसीव्ही (डायरेक्शनल कंट्रोल व्हॉल्व्ह) म्हणतात. कंपनीच्या पुस्तिकेत त्याचे नाव ऑक्झिलरी किंवा रिमोट व्हॉल्व्ह असते. मोठ्या ट्रॅक्टरांवर तो घेतानाच बसवून मागता येतो. २० ते ३० अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरवर मात्र पुष्कळदा फक्त लिफ्ट असते आणि हा व्हॉल्व्ह नंतर घालावा लागतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा, कोरपना, जिवती या भागात कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. छोटा ट्रॅक्टर इथे घेतला जातो तो पऱ्हाटीच्या दोन ओळींतून डवरणी करता यावी, फवारणी करता यावी, म्हणून. उन्हाळ्यात त्याच ट्रॅक्टरने नांगरटी करायची तर साधा नांगर अपुरा पडतो. साध्या नांगराचा फाळ माती एकाच बाजूला पलटतो; त्यामुळे वावराला वळसे घालत नांगरावे लागते, कुठे वरंबा उरतो, कुठे चर. लांबट, अरुंद वावरात हे वळसे डिझेल खातात. पलटी नांगराला फाळांचे दोन संच असतात. धुऱ्यावर पोहोचले की नांगर उलटायचा आणि त्याच तासाला लागून परत यायचे. नांगर उलटवतो तो एक छोटा सिलेंडर, आणि त्याला दोन्ही बाजूंनी तेल लागते.

ट्रॅक्टरची लिफ्ट हे काम करू शकत नाही, याचे कारण तिच्या जन्मातच आहे. हॅरी फर्ग्युसन यांनी तीन बिंदूंची जोड आणि नांगराची खोली आपोआप राखणारी हायड्रोलिक लिफ्ट यांचे पेटंट १९२६ साली ब्रिटनमध्ये घेतले. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांची लिफ्ट त्याच तत्त्वावर चालते. तिचा सिलेंडर तेलाच्या दाबाने फक्त वर उचलतो. खाली येतो तो अवजाराच्या वजनाने. म्हणजे तेलाला जाण्याची वाट एक, आणि तीच परतीची. काही ट्रॅक्टरांवर लिफ्टच्या या वाटेवरूनच एक तोटी काढलेली असते आणि तिच्यावर ट्रॉलीचा जॅक चालतो. ट्रॉलीला तेवढे पुरते, पलटी नांगराला पुरत नाही.

येथे वर्णन केलेली जोडणी राजुऱ्यात, प्रस्तुत लेखकाच्या घराच्या अंगणात, २५ अश्वशक्तीच्या आतल्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रॅक्टरवर केलेली आहे. पाने, भोके पाडायचे ड्रिल, प्रेशर गेज आणि स्वच्छ फडकी एवढ्या साहित्यावर ती झाली. वेल्डिंग आणि होजचे क्रिंपिंग एवढीच दोन कामे बाहेरून करून घेतली. वॉरंटीची मुदत संपलेली होती, हेही नोंदवणे आवश्यक आहे. मुदतीतल्या ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकला हात लावण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे, कारण अशा फेरफारानंतर पंपाचा किंवा लिफ्टचा दावा नाकारला जाऊ शकतो.

कामाचा खरा आरंभ पान्याने होत नाही. तेल कुठून निघते, कुठे जाते आणि कुठे परत येते, हे आधी कागदावर काढावे लागते. छोट्या ट्रॅक्टरांची हायड्रोलिक रचना बहुधा ‘ओपन सेंटर’ पद्धतीची असते. इंजिन चालू आहे तोवर गिअर पंप सतत तेल ढकलत राहतो, कोणी मागो वा न मागो. काम नसेल तेव्हा हे तेल लिफ्टच्या व्हॉल्व्हमधून मोकळेपणाने टाकीत परतते आणि दाब जेमतेम राहतो. दांडा हलवला की परतीची वाट बंद होते, तेल सिलेंडरकडे वळते आणि भार जेवढा असेल तेवढा दाब चढतो. भार उचलण्यापलीकडचा असला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल टाकीत सोडतो. तो नसेल तर पंप किंवा पाइप फुटेल. टाकी म्हणजे बहुतेक ठिकाणी मागचा गिअरबॉक्सच, कारण गिअर आणि हायड्रोलिक यांचे तेल एकच असते.

या रचनेचे दोन आकडे हाती असल्याशिवाय व्हॉल्व्ह विकत घेऊ नये: पंपाचा प्रवाह आणि रिलीफचा दाब. मालकाच्या पुस्तिकेत ते नसतील तर चाचणी अहवाल पाहावा. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. तिथल्या ट्रॅक्टर-चाचण्यांच्या अहवालांत हायड्रोलिकच्या नोंदी असतात. जाहिरातीतल्या उचल-क्षमतेच्या किलोंपेक्षा या नोंदी कितीतरी उपयोगाच्या. प्रवाहाचा हिशेब सोपा आहे. पंप एका फेऱ्यात ११ घन सेंटिमीटर तेल ढकलत असेल आणि त्याचे मिनिटाला २००० फेरे होत असतील, तर प्रवाह मिनिटाला २२ लिटर. ताकदीचा हिशेबही तसाच: ५० मिलिमीटर व्यासाच्या सिलेंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. त्यावर १५० बार दाब आला की जोर ३००० किलोच्या घरात जातो. छोट्या ट्रॅक्टरचे तेल नांगर सहज उलटवते. अडचण येते ती वेगाची, आणि ती पुढे येईलच.

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. पंपाचे तेल आधी नव्या व्हॉल्व्हमध्ये येणार आणि तिथून पुढे लिफ्टकडे जाणार, अशी ही साखळी. त्यामुळे व्हॉल्व्हला तेलाची तीन तोंडे लागतात: पंपाकडून येणारे, टाकीकडे परतणारे आणि पुढे लिफ्टकडे दाबाखाली जाणारे. या तिसऱ्या तोंडाला बाजारात ‘पॉवर बियाँड’ किंवा ‘कॅरी-ओव्हर’ म्हणतात. स्वस्त व्हॉल्व्हना पुष्कळदा दोनच तोंडे असतात, ‘इन’ आणि ‘आउट’, आणि हे ‘आउट’ टाकीसाठी असते. तेच लिफ्टला जोडले तरी सुरुवातीला सगळे व्यवस्थित चालते, आणि म्हणूनच ही चूक धोक्याची आहे. लिफ्टने भार उचलला की तिचा पूर्ण दाब मागे वळून व्हॉल्व्हच्या परतीच्या पोकळीत येतो, आणि ती पोकळी इतक्या दाबासाठी बनवलेलीच नसते. स्पूलच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकून तेलाची वाट बदलणाऱ्या कांडीच्या, टोकाची सीले निघतात, कधी ओतीव लोखंडाचे शरीरच तडकते. ‘कॅरी-ओव्हर’साठी वेगळी बाही मिळते, ती बसवल्यावर पुढे जाणारी वाट आणि परतीची वाट आतून अलग होतात. अशी बाही ज्या व्हॉल्व्हला बसत नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी ओपन सेंटर ट्रॅक्टरवर लिफ्टच्या आधी लावू नये. दुकानदाराला किमतीआधी हाच प्रश्न विचारावा.

राजुऱ्यातील जोडणीसाठी दोन स्पूलचा व्हॉल्व्ह निवडला: एक दोन्ही दिशांना तेल देऊन मध्यावर आपोआप परतणारा, दुसरा ‘फ्लोट’ स्थिती असलेला. फ्लोटमध्ये सिलेंडरच्या दोन्ही बाजू टाकीला मोकळ्या होतात आणि अवजार स्वतःच्या वजनाने सरकते. एका स्पूलच्या व्हॉल्व्हपेक्षा खर्च थोडा वाढतो, पण पाइप, ब्रॅकेट आणि मेहनत जवळजवळ तेवढीच लागत असल्याने दोन स्पूल घेणे शहाणपणाचे.

तेल घ्यायची जागा प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळी असते. काहींच्या लिफ्टच्या झाकणावर बूच लावलेली दोन तोंडे आणि त्यांच्यामधला मार्ग वळवणारी पट्टी असते. तिथे काम सोपे. या ट्रॅक्टरवर तशी सोय नव्हती. पंपापासून लिफ्टपर्यंत एक लोखंडी नळी जात होती, तिचे लिफ्टकडचे टोक सोडवून पंपाचे तेल होजने व्हॉल्व्हकडे वळवले, आणि व्हॉल्व्हच्या ‘कॅरी-ओव्हर’मधून दुसरा होज लिफ्टच्या मोकळ्या झालेल्या तोंडाला दिला. मूळची नळी कापली नाही. ती तशीच राहिल्यामुळे जोडणी कधीही काढून ट्रॅक्टर पूर्ववत करता येतो. नळीच्या टोकाचे आटे ओळखणे हे इथले कठीण काम: मेट्रिक आणि बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आटे नजरेला सारखे दिसतात, दोन-तीन फेरे एकमेकांत शिरतातही, आणि दाब आला की निसटतात. आटेमापक पट्टी आणि व्हर्नियर लावून खात्री केल्याशिवाय निप्पल घेऊ नये. जोड बीएसपीचा असेल तर त्याखाली रबर-धातूची बाँडेड सील येते. टेफ्लॉन टेप इथे चालत नाही. तिचे तुटलेले तंतू तेलाबरोबर जाऊन स्पूलमध्ये अडकतात.

परतीच्या होजकडे सहसा दुर्लक्ष होते. त्यात दाब नसतो म्हणून बारीक पाइप लावला जातो, आणि मग अख्ख्या प्रवाहाला त्या अरुंद वाटेने जावे लागून तेल तापते. परतीची वाट दाबाच्या वाटेपेक्षा मोठी असावी, तिच्यावर कुठेही कॉक नसावा, आणि तिचे टाकीतले तोंड तेलाच्या पातळीखाली उघडावे. वरून धार पडली तर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि पंप करकरतो. येथे गिअरबॉक्सच्या वरच्या झाकणावरील एक बूच काढून तिथून आत उतरणारी छोटी नळी बसवली.

व्हॉल्व्ह बसवायचा कुठे, हे ठरवण्यासाठी ट्रॅक्टरवर बसून पाहणे हाच मार्ग. दांडा उजव्या हाताला, लिफ्टच्या दांड्याजवळ यावा. पण लिफ्टचे हात पूर्ण वर आल्यावर, टॉप-लिंक उभी झाल्यावर आणि पीटीओचा, म्हणजे अवजाराला इंजिनची फिरती ताकद देणारा, शाफ्ट फिरत असताना कशालाही धक्का लागता कामा नये. ८ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा ब्रॅकेट करून तो मडगार्डच्या मुळाशी असलेल्या बोल्टांवर कसला. मडगार्डच्या पत्र्यावर व्हॉल्व्ह लावणे टाळले, कारण पत्रा थरथरतो आणि ती थरथर होजच्या टोकांत जाते. ब्रॅकेटचे वेल्डिंग तो ट्रॅक्टरवरून उतरवूनच केले. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करणे अगदी भागच पडले तर बॅटरीची दोन्ही टोके आधी सोडवावी, आणि ॲक्सलच्या ओतीव घराला तर वेल्डिंग लावूच नये.

होजची मापे दोरीने घेतली: लिफ्ट खाली आणि वर, दोन्ही स्थितींत. ताणलेला होज टोकाशी फुटतो, फार ढिला घासतो. तारेच्या दोन जाळ्या असलेला, म्हणजे आर-२ वर्गाचा, अर्ध्या इंची होज २७५ बार कामाच्या दाबासाठी असतो. एका जाळीचा आर-१ त्याच मापात १६० बारचा. १५० बारच्या ट्रॅक्टरला आर-१ कागदावर पुरतो, पण खडबडीत वावरात नांगर आदळला की क्षणभराचे धक्के यापेक्षा मोठे येतात, म्हणून आर-२ घेतला. अर्ध्या इंची आर-२ला सुमारे १८० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळून वळवू नये. जिथे जागा कमी तिथे ९० अंशाचे टोक मागावे. चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात कोळसा खाणींच्या यंत्रांमुळे होज क्रिंप करून देणारे कारागीर सापडतात, ही या भागाची मोठी सोय. मात्र हे काम पावसाळ्याआधी उरकलेले बरे. वर्धा नदीला मोठा पूर आला की राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद पडतो, आणि एका सीलसाठी ट्रॅक्टर उघडा पडून राहू शकतो.

त्याच खाणी आणि सिमेंट कारखाने धूळही देतात. हायड्रोलिकचा सर्वांत मोठा शत्रू गळती नव्हे, धूळ. स्पूल आणि त्याच्या भोकातली फट केसापेक्षा कितीतरी बारीक असते. तिथे अडकलेला कण ओरखडा पाडतो आणि मग मध्यावर ठेवलेला दांडाही अवजार धरून ठेवत नाही. ट्रॅक्टर आदल्या दिवशी धुऊन वाळवला, काम सकाळी वारा सुटण्यापूर्वी केले, आणि सोडवलेले प्रत्येक तोंड त्याच क्षणी बुचाने बंद केले. नव्या होजमध्ये कापताना उडालेला रबर-लोखंडाचा चुरा असतो. दाबाच्या हवेने आणि थोड्या स्वच्छ तेलाने तो धुतल्याशिवाय होज लावू नये. कपलर अर्ध्या इंची, शेती-अवजारांवर सर्वत्र चालणाऱ्या मापाचे घेतले, आणि प्रत्येकावर धूळटोपी.

सगळे आवळून झाल्यावर नव्या व्हॉल्व्हचा रिलीफ लावावा लागतो. या ट्रॅक्टरचा मूळ रिलीफ लिफ्टच्या झाकणात, म्हणजे नव्या व्हॉल्व्हच्या पुढे आहे. नव्या दांड्याने पुढची वाट बंद केली की मूळ रिलीफपर्यंत तेल पोहोचतच नाही, म्हणून व्हॉल्व्हचा स्वतःचा रिलीफ अनिवार्य. तो विकत घेताना बहुधा जास्त दाबावर लावलेला असतो. आधी त्याचा स्क्रू पूर्ण ढिला केला, २५० बारचे ग्लिसरीन भरलेले गेज मागच्या कपलरला जोडले, इंजिन मंद ठेवून दांडा दाबून धरला आणि स्क्रू थोडा थोडा आवळत काटा कंपनीच्या आकड्यावर आणला. दांडा प्रत्येक वेळी काही सेकंदच धरायचा. रिलीफमधून जाणारे तेल झपाट्याने तापते. आकडा वाढवून ‘जास्त ताकद’ मिळवण्याचा मोह टाळावा. पंप, नळ्या आणि लिफ्टचे झाकण त्या मूळ आकड्यासाठीच बनलेले आहेत.

गळती शोधताना हात फिरवणे अत्यंत घातक. सुईएवढ्या छिद्रातून निघणारी दाबाची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, फारसे रक्तही येत नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर मलम लावून घरी थांबू नये. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ हे शब्द डॉक्टरांना सांगावे. गळती पाहायची ती पुठ्ठ्याचा तुकडा जोडांवरून फिरवून, डोळ्याला चष्मा लावून. जोड आवळायचा तो इंजिन बंद करून, अवजार जमिनीवर टेकवून आणि दांडे दोन्हीकडे हलवून दाब उतरल्यावरच. हे नियम घरातल्या इतर माणसांनाही, विशेषतः ट्रॅक्टरभोवती रेंगाळणाऱ्या मुलांच्या आईबापांना, समजावून सांगितले पाहिजेत.

पहिल्यांदा नांगर जोडल्यावर सिलेंडर रिकामा असतो. इंजिन मंद ठेवून, नांगर उचलून, आजूबाजूची माणसे दूर करून तो अनेकदा सावकाश उलटसुलट करावा. आतली हवा परतीच्या वाटेने निघून जाते. मग तेलाची पातळी पाहून भर घालावी. वेगाचा प्रश्न इथे दिसतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या, २०० मिलिमीटर सरकणाऱ्या सिलेंडरला जेमतेम ४०० घन सेंटिमीटर तेल लागते. मिनिटाला २० लिटर प्रवाहात तो सव्वा सेकंदात भरतो. एवढ्या वेगाने उलटलेला नांगर थांब्यावर आदळतो आणि हलका ट्रॅक्टर अक्षरशः हादरतो. उपाय म्हणून सिलेंडरच्या दोन्ही तोंडांत प्रवाह रोखणारी बारीक भोकाची निप्पले घातली आणि नांगर शांतपणे कुशीवर वळू लागला. वावरात आणखी एक गोष्ट लक्षात आली. नव्या व्हॉल्व्हला तेल आधी मिळत असल्याने उचलणे आणि उलटवणे हे दोन दांडे एकदम ओढले तर उचलणे मध्येच थांबते. आधी पूर्ण उचल, मग पलटी, हा क्रम चालकाने हाताला लावून घ्यावा. नांगराच्या फाळांसाठीही तोच सुरक्षित आहे.

ट्रॉलीसाठी फ्लोटचा स्पूल वापरला जातो. ट्रॉलीच्या जॅकला एकच तोंड असते. साध्या स्पूलवर तो चालवला तर ट्रॉली उतरवताना पंपाचे तेल दुसऱ्या, बंद कपलरवर जाऊन आदळते आणि रिलीफ ओरडत राहतो. फ्लोटमध्ये टाकल्यावर ट्रॉली स्वतःच्या वजनाने, बिनआवाज उतरते. जॅक किती तेल नेतो याचाही हिशेब आवश्यक: ८० मिलिमीटर व्यासाचा आणि ६०० मिलिमीटर उंच जाणारा जॅक तीन लिटर तेल बाहेर घेतो. ते तेल गिअरबॉक्समधूनच जाते, आणि चढावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पंपाचे तोंड उघडे पडू शकते. ट्रॉली सपाटीवरच उचलावी. उचललेल्या ट्रॉलीखाली काम करायचे असेल तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोके आत घालू नये. होजवर विसंबून कोणीही खाली जाऊ नये.

नंतरची देखभाल थोडी पण नियमाची. पहिल्या ५० तासांनंतर हायड्रोलिक फिल्टर बदलला, कारण नव्या भागांचा उरलासुरला चुरा तेवढ्यात फिल्टरमध्ये जमा होतो. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत तेल पातळ पडून स्पूलमधून पाझर वाढतो, म्हणून नांगरटी पहाटे सुरू करून उन्हाच्या आधी थांबवणे यंत्रालाही मानवते. अवजार सोडताना दाब उतरवूनच कपलर काढावा, नाहीतर उन्हात तापलेल्या होजमधले तेल फुगते आणि पुढच्या वेळी कपलर आत जात नाही. होजच्या अंगावर तो कधी बनला ते छापलेले असते. वरचे रबर तडकून तार दिसू लागली, किंवा क्रिंपिंगच्या टोकाशी ओल दिसली, की वर्ष न मोजता होज बदलावा.